नदीकाठची दरड आणि लाखो वर्षांची हत्यारे

पूर ओसरला की नदीकाठच्या गावात पहिले काम असते ते काठ बघण्याचे. किती गुंठे गेले, बांध कुठवर आला, विहिरीची कडा राहिली की तीही गेली. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक पंचनाम्याला येतात (तिन्ही पदांची नावे अलीकडे बदलली, पंचनामा मात्र तोच), टेप धरतात आणि खरडून गेलेले क्षेत्र लिहून घेतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सीनेच्या काठाने तर अशी कित्येक शिवारे मातीसकट वाहून गेली. गेलेली माती परत येत नाही. पण त्याच वेळी नव्याने उघड्या पडलेल्या दरडीत आणखी एक गोष्ट दिसू लागते. तिच्यासाठी पंचनाम्याच्या फॉर्मात रकाना नाही, आणि पुढच्या पुरात तीही निघून जाते. ती म्हणजे दगडाची हत्यारे.

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना यात नवल वाटायला नको. नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वर महाराज आणि पैसाचा खांब आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण जगभरचे पुरातत्त्वाचे अभ्यासक नेवाशाचे नाव घेतात ते आणखी एका कारणाने. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया १९५४ पासून इथे उत्खनन करीत होते. लाडमोड नावाच्या टेकाडावर खणत असतानाच त्यांनी प्रवरेच्या काठाच्या दरडी पायाखाली घातल्या. टेकाडात दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची घरे आणि मडकी निघाली, तर शेजारच्या दरडीतल्या खडीत त्याच्या कितीतरी पट जुनी दगडी हत्यारे मिळाली. मधल्या थरांतल्या एका हत्यार-प्रकाराला तर पुढे नेवाशाचेच नाव पडले, ‘नेवासियन’. नंतर १९६६ ते १९६९ या काळात गुडरुन कोर्विनस या जर्मन विदुषीने नेवाशाजवळच चिरकी नाल्याच्या काठी उत्खनन केले. गोट्यांच्या थरावर माणसाने घडवलेल्या हातकुऱ्हाडी जिथल्या तिथे पडलेल्या तिला सापडल्या. त्यांचे वय काही लाख वर्षे धरतात. शेती नव्हती, मडके नव्हते, त्या काळातला माणूस आपल्या प्रवरेच्या पाण्यावर येत होता.

प्रवरेच्याच काठी, संगमनेर तालुक्यात, जोर्वे हे गाव आहे. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या एका मोठ्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले. एका खेड्याचे नाव पुस्तकात जाते ते असे.

दरड कशी वाचायची

विहीर खणलेल्या माणसाला थर समजावून सांगावे लागत नाहीत. प्रवरा, गोदावरी, मुळा, घोड, कुकडी या नद्यांची दरड समोर उभे राहून खालून वर बघत जावी. सगळ्यात खाली काळा पत्थर. त्यावर गोट्यांचा थर, तोही चुन्याने इतका बांधलेला की पहार मारली तर ठिणगी उडते. गवंड्याने काँक्रीट ओतावे तसा. मोठी, जड हत्यारे बहुधा याच थरात किंवा याच्या माथ्यावर असतात. त्यावर पिवळसर-तांबूस गाळमाती, तिच्यात चुनखडीचे खडे. मधूनमधून बारीक खडीचे पट्टे येतात; त्यांत रंगीत दगडांची लहान हत्यारे मिळतात. सगळ्यात वर आपली काळी. काळीच्या अंगावर किंवा काठाच्या उंचवट्यावर खापरे आणि नखाएवढी पाती दिसली, तर ती त्यामानाने अलीकडची, काही हजार वर्षांची.

म्हणजे दरडीत जितके खाली तितके जुने. पण नदी ही काही शिस्तीची बाई नाही. ती एका ठिकाणचे उचलते आणि दुसऱ्या ठिकाणी टाकते. जुना थर फोडून त्यातले दगड नव्या खडीत मिसळते. म्हणून पात्रात पडलेला दगड आणि दरडीच्या थरात रुतलेला दगड, यांची किंमत एक नाही. पात्रातला सांगतो की वरच्या अंगाला कुठेतरी हत्यारे आहेत. थरातला सांगतो की नेमकी कुठे आणि साधारण कधीची.

साधा दगड की हत्यार?

हा प्रश्न सगळे विचारतात. शिवारफेरीत कुणी ना कुणी खिशातून दगड काढतोच. “साहेब, हा बघा बरं, कुऱ्हाडीसारखा दिसतो.” दहातले नऊ दगड पाण्याने घासलेले गोटे असतात. दहावा मात्र हातात घेतला की कळतो.

काळा पत्थर ऊन-पावसाने कुजतो तेव्हा कांद्यासारखा सुटतो, पापुद्रा-पापुद्रा. गोल होत जातो. माणसाने घडवलेला दगड उलट असतो. दुसऱ्या दगडाने कडेवर ठोका मारून त्याचा छिलका उडवलेला असतो, आणि छिलका उडाला तिथे उथळ वाटीसारखी खूण राहते. अशा खुणा एकमेकींना लागून, ओळीने, दोन्ही बाजूंनी आल्या आणि त्यांच्यामधून धार तयार झाली, की समजावे हे नदीचे काम नव्हे. हातकुऱ्हाड तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी, एका टोकाला निमुळती, दुसरीकडे जाड, हातात धरायला. दांडा नाही. दुसरा प्रकार रुंद, सरळ धारेचा, फरशी कुऱ्हाडीच्या पात्यासारखा.

उडालेला छिलकाही ओळखता येतो. ज्या जागी ठोका बसला तिथे एक छोटी सपाट जागा, आणि तिच्या लगेच खाली पोटाला फुगवटा, बोट फिरवले तर लागतो. त्याच्या खाली कधी कधी पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा बारीक लाटा दिसतात. गारगोटी फोडून चकमक पेटवलेली जुनी माणसे हे बरोबर ओळखतात. त्यांनी तसे छिलके स्वतःच्या हाताने उडवलेले असतात.

रंग बघणे महत्त्वाचे. रोटाव्हेटरच्या पात्याने किंवा जेसीबीच्या दाताने फुटलेला काळा दगड आतून निळसर काळा, ताजा दिसतो. जुन्या हत्याराची खूण आणि बाकीचा दगड एकाच रंगाचे असतात, करडे, मळकट तपकिरी, वर चुन्याचा पांढरा थर चिकटलेला. खूण ताजी आणि दगड जुना असेल, तर तो तुमच्याच ट्रॅक्टरचा प्रताप समजा.

लहान हत्यारांसाठी माणसाने काळा पत्थर सोडला आणि अकीक, जास्पर, गारेसारखे चिवट चकचकीत दगड निवडले. हे दगड आपल्या काळ्या पत्थराच्याच पोकळ्यांत तयार होतात आणि नदी ते गोळा करून खडीत आणून टाकते. लाल, पिवळे, दुधी. यांच्या तासण्या, टोचे आणि पुढच्या काळात दोन बोटांच्या पेराएवढी, दोन्ही कडा समांतर असलेली पाती. अंगठ्याएवढ्या गाभ्यावरून अशी पाती उडवली की गाभ्यावर उभ्या पन्हाळ्या राहतात. तो गाभा सापडला तर पातीपेक्षा भाग्याचा, कारण हत्यार तिथेच घडवले गेले असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

बाणाचे टोक सापडले असे पुष्कळ जण सांगत येतात. अमेरिकेतल्या नदीकाठी दगडाचे अखंड, खाचा पाडलेले बाणाचे टोक सापडते, चित्रात आपण तेच पाहिलेले असते. आपल्या दख्खनात सहसा तसे नसते. इथे नखाएवढे त्रिकोणी किंवा चंद्रकोरीसारखे तुकडे घडवून ते लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंक-राळेने बसवीत. लाकूड कुजून गेले, राळ गेली, तुकडे राहिले. चिमटीत धरायचा तो तुकडा म्हणजे बाणाचा अर्धा दात. विळ्याचेही दात तसेच.

जागा गेली तर दगड मुका

आता खरा मुद्दा. हत्यार घरी नेऊन देवळीत ठेवले तर काय बिघडले? दगड तोच ना?

दगड तोच, पण साक्ष गेली. याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद, प्रवरेच्या काठचे. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळी खणताना ब्राँझच्या चार मूर्ती मिळाल्या. बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोच्या वर. एवढे मोठे ओतकाम त्या काळात सहसा कुठेच आढळत नाही. पण त्या निघाल्या कुदळीने, थर बघायला त्या क्षणी तिथे कुणी नव्हते. पुढे १९७५ ते १९७९ या काळात साळी यांच्या देखरेखीखाली त्या जागी शास्त्रशुद्ध उत्खनन झाले आणि मूर्ती उत्तर हडप्पा काळाच्या, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या, असे मत मांडले गेले. तरी काही विद्वान ते आजही मानत नाहीत, कारण मूर्ती कोणत्या थरात होत्या हे कुणी डोळ्याने पाहिलेले नाही. त्या शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही. त्याला सांगणारे कोण होते? आज सांगणारे आहेत, म्हणून हे लिहायचे.

दुसरे उदाहरण जुन्नर तालुक्यातल्या बोरीचे, कुकडी नदीकाठचे. तिथे दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका पट्टा दिसतो आणि त्याच्या आसपास दगडी हत्यारे आहेत. राख कधी पडली हे कळले तर हत्यारांचे वय कळेल, असा सरळ हिशेब. पण पहिल्यांदा राखेचे वय निघाले सुमारे १४ लाख वर्षे, मग १९९५ च्या सुमारास पावणेसात लाखाच्या आसपास, आणि नंतर काहींनी राखेची रासायनिक तपासणी करून ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे ७४-७५ हजार वर्षांपूर्वीची असल्याचे दाखवले. एवढ्या भांडणात शेवटी पाहिले जाते ते एकच: हत्यार राखेच्या खाली होते, वर होते, की नदीने राखेसकट कालवून टाकलेले होते? चार इंचांचा प्रश्न. ते चार इंच कुणी पहारीने उकरले, तर मग उत्तर देणारा कुणी उरत नाही.

जागा सांभाळली तर काय मिळते ते चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम गावात दिसले. तिथली हत्यारे रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने १८६३ सालीच पाहिली होती. थर न विस्कटता नव्याने उत्खनन झाले तेव्हा, २०११ साली, तिथल्या हातकुऱ्हाडींचे वय १५ लाख वर्षांपर्यंत मागे गेले.

पांढरीच्या मातीबद्दल

हा भाग खास शेतकऱ्यांसाठी. गावाची काळी आणि पांढरी हा भेद आपल्या बोलण्यात जुना आहे. वस्तीची जागा ती पांढरी. नदीकाठच्या जुन्या पांढरीची टेकाडे गावोगाव आहेत आणि त्यांची माती पिढ्यान् पिढ्या घरांच्या भिंतींना, धाब्याला आणि खत म्हणून शेताला गेली. ट्रॅक्टर-ट्रॉली आल्यावर टेकाडेच्या टेकाडे गेली.

या मातीत काय असते? शेकडो वर्षांच्या चुलींची राख, शेण, हाडे, खरकटे. त्यामुळे चुना आणि स्फुरद असतो हे खरे. पण आपल्या नदीकाठच्या बऱ्याच जमिनी आधीच चुनखडीयुक्त, विम्ल. त्यात आणखी चुना टाकला तर स्फुरद जमिनीतच बांधला जातो, पिकाला मिळत नाही, आणि लोह कमी पडून उसाची पाने पिवळी-पांढरी पडतात. मग आपण फेरस सल्फेटच्या फवारण्या घेत बसतो. त्यापेक्षा शेणखत, गांडूळखत, ताग-धैंचा गाडावा, पाचट कुजवावे. माती परीक्षण करून घ्यावे. पांढरीची ट्रॉली स्वस्त वाटते, पण ती स्वस्त नाही.

आणि त्या टेकाडात काय जाते बघा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन झाले. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, धान्याच्या कणग्या आणि जळालेले धान्य मिळाले. सातू हे मुख्य पीक. पुराचे पाणी वळवायला बांध आणि चर केलेला होता. म्हणजे जलसंधारणाची कामे आपल्याकडे सरकारी योजनेने सुरू झालेली नाहीत! नंतर पाऊस कमी झाला, शेती मोडली, लोक गुरांमागे फिरू लागले, हेही तिथल्या मातीतूनच कळले. अवर्षण म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या आधीच्यांनी त्याला कसे तोंड दिले ते मात्र अशाच टेकाडात लिहिलेले आहे.

जोर्वे काळाची खापरे ओळखायला सोपी. लाल, पातळ, वर काळ्या रंगाच्या रेघा आणि जाळी, वाजवले तर धातूसारखा खणखणीत आवाज. तोटीची भांडीही असतात. अशी खापरे काठावर दिसली तर ते टेकाड उपसू नये.

जमीन जाईल का?

शेतकरी गप्प राहतो तो याच भीतीने. “सांगितलं की पुरातत्त्ववाले येतील आणि सात-बारावर शिक्का मारतील.” भीती पोकळ नाही, पण पूर्ण माहितीवरची पण नाही.

दरडीत दगडी हत्यार सापडले म्हणून कुणाची जमीन जात नाही. एखादी जागा केंद्राने संरक्षित करायची तर १९५८ च्या कायद्याप्रमाणे आधी अधिसूचना निघते आणि हरकतीला दोन महिन्यांची मुदत असते. ग्रामसभेत बोलावे, लेखी हरकत द्यावी. संरक्षित झाली तरी एक फुटापेक्षा खोल न खणता होणारी शेती करायला कायद्याची मनाई नाही. बांधकाम, खाणकाम, खोदकाम यांना आहे. केंद्राच्या संरक्षित स्थळाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम चालत नाही आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, हे मात्र सरपंचांनी घरकुलाच्या जागा ठरवताना लक्षात ठेवावे.

“याचे किती येतील?” हाही प्रश्न असतो. पुराणवस्तूंच्या विक्रीला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. गावात येऊन दगड, नाणी, मूर्ती मागणारा जो कोणी असेल, त्याला परवाना विचारावा. बहुधा तो चहा न घेताच जातो. धातूच्या वस्तू, नाणी, दागिने जमिनीत मिळाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणे गुन्हा आहे.

काठावर जाताना

दगड शोधायला म्हणून दरड उकरू नये. एक तर साक्ष जाते, दुसरे म्हणजे पायथा उकरला की वरची माती सुटते, आणि ती माती कुणाच्या तरी शेताची असते. वाळूच्या उपशाने पात्र खोल गेले आहे तिथे काठ आधीच अधांतरी आहे. वर भेग दिसत असेल तर खाली उभे राहू नये, पोरांना तर मुळीच जाऊ देऊ नये. ओली दरड आवाज न करता बसते.

बघायला चांगला काळ म्हणजे पाणी उतरल्यावर, दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन असावे, म्हणजे दगडावरच्या खुणा उठून दिसतात. काठच्या शेतकऱ्याने नांगर कडेपर्यंत नेऊ नये, पाच-सहा मीटरचा पट्टा सोडून बांबू, वाळा, करंज लावावा आणि शेतातले पाणी काठावरून मोकळे न सोडता दगडी सांडव्यातून उतरवावे. त्याने थरही टिकतो आणि बांधही.

थरात रुतलेले हत्यार दिसले तर ते काढू नये. ई-पीक पाहणीसाठी मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो तसाच काढावा: एक जवळून, शेजारी पेन किंवा नाणे ठेवून, आणि एक लांबून, सगळी दरड दिसेल असा. गट नंबर, नदीचे नाव, काठ डावा की उजवा, वरच्या मातीपासून किती फूट खाली, हे वहीत लिहावे. तलाठ्यांनी पंचनाम्याच्या वेळी शेऱ्यात एक ओळ लिहिली तरी पुरे. फोटो तहसील कार्यालयामार्फत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवावा किंवा येरवड्याच्या डेक्कन कॉलेजला थेट कळवावे. प्रवरेचा काठ त्यांना नवा नाही.

पात्रात सुटा पडलेला दगड पुढच्या पुरात जाणारच असेल तर उचलायला हरकत नाही. तो ब्रशने घासू नये, चुन्याचा थर खरवडू नये, तेल लावू नये. साध्या पाण्याने माती उतरवावी, सावलीत वाळवावा, कागदाच्या चिठ्ठीवर जागा आणि तारीख पेन्सिलीने लिहून (शाई उडते) दगडासोबत पिशवीत बांधावी. दोन ठिकाणचे दगड एका पिशवीत टाकू नयेत. आणि पिशवी गावच्या शाळेत गुरुजींकडे ठेवायची असेल तर त्यांच्याकडून पोच घ्यावी, कारण बदल्या होतात.